धुऱ्यावरून सुरू होणारे राज्यशास्त्र

रोवणीच्या दिवसांत भंडारा-गोंदियाकडच्या धानाच्या पट्ट्यात एक भांडण दरवर्षी नव्याने उभे राहते. रात्री पाऊस झोडपतो, वरच्या बांधीत (धानाच्या वाफ्यात) पाणी मावेनासे होते, वरचा शेतकरी फावडे घेऊन धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडतो. आणि सकाळी खालच्या बांधीचा मालक येऊन पाहतो, तर आदल्या दिवशी मजूर लावून रोवलेले पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटून एका कोपऱ्यात गोळा झालेले असतात. शिवीगाळ होते, चार माणसे जमतात, प्रकरण पोलीस पाटलाकडे, तिथून तंटामुक्त समितीकडे आणि तिथेही मिटले नाही तर तालुक्याला जाते. अकरावीच्या वर्गात राज्यशास्त्राचा पहिला तास मी याच भांडणावर घेतो, कारण वर्गातल्या निम्म्या मुलांनी ते घरच्या धुऱ्यावर पाहिलेले असते. फळ्यावर दोनच प्रश्न लिहितो. वाहून गेलेल्या पऱ्ह्यांची भरपाई किती, हा पहिला. आणि ती किती हे ठरवण्याचा अधिकार कोणाला व का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नातून कायदा जन्मला आणि दुसऱ्यातून राजकीय तत्त्वज्ञान, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

आज उपलब्ध असलेल्या कायद्यांच्या संग्रहांपैकी सर्वांत जुना मानला जाणारा संग्रह सुमेरी भाषेत आहे. तो उर-नम्मू या राजाच्या नावाने ओळखला जातो आणि त्याचा काळ इ.स.पू. २१००च्या सुमारासचा आहे. आताच्या इराकमध्ये, दोन मोठ्या नद्यांच्या पाटांवर जगणाऱ्या त्या प्रदेशात पाण्यावरून भांडणे होणारच होती. एखाद्याने दुसऱ्याच्या शेतात पाणी घातले, तर त्याने दर इकू जमिनीमागे तीन कूर जव मोजून द्यावेत, असे त्या संग्रहात सांगितले आहे. इकू म्हणजे एकरापेक्षा किंचित कमी जमीन आणि कूर म्हणजे सुमारे ३०० लिटरचे माप. चार हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या पाटीवर नेमके आपल्याच धुऱ्याचे भांडण सापडावे, याचे मुलांना नवल वाटते. मला स्वतःला नवल वाटते ते दर ठरवून ठेवण्याचे. भरपाईचा दर आधीच ठरलेला असला की भांडणात ताकदवान कोण आणि जोरात ओरडतो कोण, याला तितकी किंमत उरत नाही.

त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी बाबिलोनचा राजा हम्मुराबी याने काळ्या दगडाच्या, सव्वादोन मीटर उंचीच्या शिळेवर आपले कायदे कोरून घेतले. ही शिळा १९०१-०२ साली फ्रेंच उत्खननकारांना इराणमधील सूसा येथे सापडली आणि आता ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिच्यावरच्या सुमारे २८२ कलमांपैकी ‘डोळ्याला डोळा’ तेवढे सर्वांना ठाऊक असते, पण शेतकऱ्यांच्या मुलांनी वाचावीत ती कलमे वेगळीच आहेत. आपला बांध मजबूत ठेवण्यात ज्याने हयगय केली आणि त्यामुळे इतरांची शेते बुडाली, त्याने त्यांचे धान्य भरून द्यावे. तेवढी ऐपत नसेल, तर त्याला आणि त्याच्या चीजवस्तूंना विकून आलेले पैसे नुकसान झालेल्यांनी वाटून घ्यावेत. पाटाचे पाणी बेफिकिरीने सोडून शेजाऱ्याचे शेत बुडवणाऱ्याने मात्र आजूबाजूच्या शेतांत जेवढे पिकले त्या हिशेबाने धान्य मोजून द्यायचे आहे. ही दुसरी पद्धत आजच्या पंचनाम्याला इतकी जवळची आहे, की ती समजावून सांगावीच लागत नाही.

अठ्ठेचाळिसाव्या कलमापाशी मी नेहमी थांबतो. एखाद्यावर कर्ज आहे, आणि वादळाचा देव अदद याने त्याचे शेत बुडवले, किंवा पाण्याअभावी पीक उगवलेच नाही, तर त्या वर्षी त्याने सावकाराला धान्य देऊ नये. त्याने आपली पाटी भिजवावी आणि त्या वर्षाचे व्याजही देऊ नये. पाटी भिजवणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी कच्च्या मातीची पाटी डोळ्यांसमोर आणावी लागते. कर्जाचा करार ओल्या मातीवर टोकदार बोरूने उमटवून ती वाळवत. पाण्याने ती पुन्हा मऊ झाली की अक्षरे बदलता येत. म्हणजे ज्या पाण्याने शेत बुडवले, त्याच पाण्याने करारातली अटही बदलायची. ज्या विदर्भात कर्जाचे पुनर्गठन हा शब्द चहाच्या टपरीवरही समजतो, तिथे या ओळीचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज पडत नाही.

पण हम्मुराबीला फार डोक्यावर घेऊ नये, हेही त्याच तासाला सांगावे लागते. डोळ्याच्या बदल्यात डोळा हा नियम फक्त बरोबरीच्या प्रतिष्ठित माणसांसाठी होता. सामान्य माणसाचा डोळा फोडला तर एक मीना (वजनाचे माप) चांदी दिली की भागत असे, आणि दुसऱ्याच्या गुलामाचा फोडला तर गुलामाची निम्मी किंमत मालकाला मिळे; स्वतः गुलामाला काहीच नाही. कायदा लिहिला म्हणून तो समान होतो असे नाही, उलट विषमताही दगडात कोरली की जास्त टिकाऊ होते. शिवाय त्या काळच्या प्रत्यक्ष निवाड्यांच्या पाट्यांमध्ये या शिळेचा आधार क्वचितच घेतलेला आढळतो, म्हणून ही शिळा न्यायालयात वापरायचा कायदा होती की राजाच्या न्यायप्रियतेची जाहिरात, यावर अभ्यासकांचा वाद आहे. मला ती दोन्ही वाटते. शिळेच्या शेवटी राजा म्हणतो की ज्याच्यावर अन्याय झाला असेल त्याने या शिळेपुढे यावे आणि ती वाचून घ्यावी. गावच्या चावडीवर फलक लावणाऱ्या प्रत्येक सत्तेचा सूर थोडाफार असाच असतो.

लिहिलेल्या कायद्याची मागणी खालून आली, तर काय होते हे रोममध्ये दिसते. तिथे रूढी काय आहे हे सांगण्याची मक्तेदारी उच्चकुलीनांकडे होती आणि सामान्य नागरिकांना ती नको होती; त्या संघर्षातून इ.स.पू. ४५१-४५०मध्ये ‘बारा पाट्या’ तयार झाल्या. लहानपणी मुलांकडून त्या पाठ करून घेत, असे रोमन वक्ता सिसेरोने लिहून ठेवले आहे. त्यांतही शेतीच जागोजाग आहे. शेजाऱ्याच्या जमिनीत पडलेले आपल्या झाडाचे फळ उचलून आणता येते. वाट सरळ असेल तिथे आठ फूट आणि वळणावर सोळा फूट रुंद असावी; आणि ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्यांनी ती दुरुस्त ठेवली नाही, तर जनावरे हाकणाऱ्याने हवी तिथून हाकावीत. पांदण रस्त्यावर अतिक्रमण झाले म्हणून पावसाळ्यात बैलबंडी शेतापर्यंत न पोहोचणाऱ्या गावातली मुले हे कलम ऐकून हसतात, आणि मग एकमेकांकडे पाहतात.

आपल्याकडेही रूढी कागदावर उतरवण्याचा असाच प्रसंग घडलेला आहे. जुन्या मध्य प्रांतातील जमाबंदीच्या वेळी गावागावांच्या ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये पाण्याचा हक्क, वहिवाटीची वाट, मासेमारी यांसंबंधीचे रिवाज नोंदवले गेले; महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत, म्हणजे १९६६च्या कायद्यात, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक हे दोन्ही शब्द अजून आहेत. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर हक्क कोणाचा, हा वाद निघाला की गावातला एखादा म्हातारा त्या कागदाची आठवण करून देतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळताना मी मुलांना पाली भाषेतील ‘अग्गञ्ञ सुत्त’ हे बौद्ध सूत्र सांगतो, कारण त्याची सुरुवात धानापासून होते. प्रारंभी तांदूळ कोंड्याशिवाय आपोआप उगवत असे. लोक सकाळी सकाळपुरता आणि संध्याकाळी संध्याकाळपुरता आणत. एका आळशाने दोन्ही वेळचा एकदमच आणला, दुसऱ्याने दोन दिवसांचा, तिसऱ्याने चार दिवसांचा. साठवण सुरू झाली तसा तांदळाला कोंडा आला आणि कापलेले पुन्हा उगवेना. मग लोकांनी जमिनी वाटून घेऊन मर्यादा घातल्या, आणि धुरा पडला तशी चोरीही आली. चोराला समज देऊनही तो ऐकेना, तेव्हा लोकांनी आपल्यातला एक योग्य माणूस निवडला, दोषी असेल त्याला दंड करण्याचे काम त्याला दिले आणि बदल्यात आपल्या तांदळातला वाटा देण्याचे कबूल केले. बहुजनांनी संमती दिलेला, म्हणून त्याचे नाव ‘महासंमत’. त्या कथेत ‘खत्तिय’ या शब्दाचा अर्थही शेतांचा अधिपती असा लावला आहे. जन्मावरून श्रेष्ठत्व सांगणाऱ्यांना उत्तर म्हणून बुद्धाने ही कथा सांगितली आहे, हे विसरले तर तिचा अर्धा अर्थ हातातून जातो.

राजा आकाशातून आलेला नाही, तो पगारावर ठेवलेला आहे, हा या कथेचा गाभा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही मोठा मासा लहान माशाला गिळतो अशा मत्स्यन्यायाला कंटाळून लोकांनी मनूला राजा केले आणि धान्याचा सहावा व मालाचा दहावा हिस्सा त्याला ठरवून दिला, असे येते. युरोपात हाच विचार यादवीने होरपळलेल्या इंग्लंडमधील तत्त्वज्ञ हॉब्सने १६५१मध्ये मांडला, पण एकदा दिलेली सत्ता परत मागता येत नाही असे त्याचे मत होते. १६८९मध्ये त्याच देशातल्या लॉक या तत्त्वज्ञाने ती विश्वासाने दिलेली ठेव आहे आणि विश्वासघात झाला तर ती काढून घेता येते, असे म्हटले. सरपंचावर अविश्वास ठराव आणणारे सदस्य नकळत लॉकच्या बाजूचे असतात.

सत्ता किती जणांच्या हाती असावी, याचा सर्वांत पद्धतशीर विचार ॲरिस्टॉटलने केला. त्याच्या विद्यापीठात १५८ नगरराज्यांच्या राज्यव्यवस्थांची माहिती जमवल्याचे सांगितले जाते. एकाचे, थोड्यांचे आणि अनेकांचे राज्य असे तीन प्रकार त्याने केले, आणि सर्वांच्या हितासाठी की स्वतःच्या हितासाठी या कसोटीवर प्रत्येकाचे दोन. तक्ता पाठ होतो, गुण मिळतात. पण त्यातले मला आवडणारे वाक्य तक्त्याबाहेरचे आहे. जेवण कसे झाले हे आचाऱ्यापेक्षा पंगतीत बसलेल्याला अधिक चांगले कळते, असे तो सामान्य माणसाच्या निर्णयक्षमतेच्या बाजूने सांगतो. त्याच्या काळी अथेन्समध्ये ५०० जणांची सभा चिठ्ठ्या टाकून निवडत, आणि चिठ्ठी ही लोकशाहीची पद्धत तर निवडणूक ही थोड्यांच्या राज्याची पद्धत मानली जाई. निवडणुकीत पैसा ओतला जाताना पाहिलेल्या मुलांना हे पटायला वेळ लागत नाही. त्या पंगतीत स्त्रिया, गुलाम आणि परदेशी बसू शकत नव्हते, हेही त्याच श्वासात सांगावे लागते.

सभेची आपली परंपराही आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध भिक्षुसंघांच्या कामकाजाचा दाखला दिला. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम तिथे होते, असे त्यांनी दाखवून दिले. मात्र वर्षभरापूर्वी त्याच सभागृहात त्यांनी खेड्याला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर म्हटले होते. दोन्ही भाषणे एकत्र वाचली पाहिजेत, विशेषतः गावात राहणाऱ्यांनी.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने आणखी एक पर्याय पुढे ठेवला: बहुमत नव्हे, सर्वसहमती. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असे म्हणणाऱ्या या गावाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. एकमत होईपर्यंत चर्चा चालू ठेवायची, हा तिथला नियम.

हे सांगितले तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, ‘सर, पण ज्याने धुरा फोडला तोच ग्रामसभेत बसला आणि नाही म्हणाला तर?’ लॉकचा सगळा आग्रह, कोणी स्वतःच्या खटल्यात स्वतःच न्यायाधीश असू नये, तिने एका वाक्यात पकडला होता. मी तिला कौटिल्याच्या अर्थशास्त्रातले सीमाविवादाचे प्रकरण दाखवले. दोन गावांच्या शिवेचा वाद शेजारच्या पाच किंवा दहा गावांनी मिटवावा. शेताच्या धुऱ्याचा वाद शेजारी आणि गावातल्या वृद्धांनी. त्यांच्यात मतभेद झाला, तर प्रामाणिक आणि मान्य असलेली माणसे ज्या बाजूला जास्त तिकडे निर्णय द्यावा, नाहीतर मधला मार्ग काढावा. आणि दोन्ही पक्षांचा दावा फसला, तर ती जमीन राजाने घ्यावी.