पार्श्वभूमी : फ्रेंचच्या तासाला राष्ट्राध्यक्षांची निवडणूक

दर पाच वर्षांनी एप्रिलच्या सुमारास फ्रेंच शिकवणाऱ्यांच्या हाती आयता विषय पडतो. त्याचा साचाही आता ठरून गेला आहे. स्मार्टबोर्डवर उमेदवारांचे फोटो, मोबाइलवर गूगल फॉर्मने मतदान, दोन गटांत वादचर्चा आणि शेवटी तुलनेचा तक्ता : डावीकडे फ्रान्स, उजवीकडे अमेरिका. हा सगळा तंत्रज्ञानाचा प्रताप, असं मानण्याकडे कल असतो. पण निवडणूकच संसदेच्या बंद दाराआड होत राहिली असती, तर बोर्डावर दाखवायला होतं काय? म्हणून सुरुवात 1962 पासून करावी लागते.

त्याआधीचं थोडक्यात. 1848 मध्ये फ्रान्सने एकदा थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडला. त्याने तीन वर्षांतच सत्ता बळकावली आणि पुढच्या वर्षी तो सम्राट झाला. त्या धसक्याने पुढे शतकभर हा अधिकार लोकांकडे आला नाही, संसदच निवड करत राहिली. 1953 मध्ये तर निकाल लागायला मतदानाच्या 13 फेऱ्या लागल्या. 1958 च्या नव्या घटनेने खासदार, महापौर, नगरसेवक अशा सुमारे 80 हजार लोकप्रतिनिधींचं मतदारमंडळ नेमलं. त्याचा वापर एकदाच झाला.

ऑगस्ट 1962 मध्ये पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष शार्ल द गोल यांच्या मोटारीवर गोळीबार झाला. ते बचावले. पुढच्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलं, यापुढे राष्ट्राध्यक्ष थेट जनताच निवडेल आणि त्यासाठी सार्वमत घेतलं जाईल. निवड लोकांनी करावी की नाही, यावर मतभेद होतेच, पण खरी ठिणगी पडली ती कलमावरून. घटनादुरुस्तीची वाट कलम 89 मध्ये स्पष्ट आहे. दोन्ही सभागृहांनी एकच मसुदा मंजूर करायचा, मग पुढचं. सिनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, तो मंजूर करणार नाही, हे उघड होतं. म्हणून कलम 11 पुढे आलं. शासनसंस्थांच्या रचनेसंबंधी विधेयक थेट सार्वमताला टाकण्याची मुभा त्यात आहे. घटनाच बदलण्याची मुभा त्यात आहे का? सरकारला कायदेशीर सल्ला देणाऱ्या सर्वोच्च संस्थेचं मत ‘नाही’ असं पडलं. सिनेटच्या अध्यक्षांनी तर पदाशी द्रोह म्हणावा इतका जड शब्द वापरला. 5 ऑक्टोबरला कनिष्ठ सभागृहाने अविश्वास ठराव मंजूर करून सरकार पाडलं. त्यानंतर असं सरकार पडायला 2024 चा डिसेंबर उजाडावा लागला. राष्ट्राध्यक्षांनी सभागृहच बरखास्त केलं. 28 ऑक्टोबरच्या सार्वमतात 62 टक्के मतं बाजूने पडली. प्रकरण घटनेच्या रखवालदार परिषदेकडे गेलं, तेव्हा तिने, जनतेने स्वतः मंजूर केलेला कायदा तपासण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं सांगून हात वर केले.

कायद्याच्या चौकटीत पाहिलं तर ही सरळसरळ पळवाट होती, असंच म्हणावं लागतं. 1969 मध्ये सिनेट आणि प्रांतरचना बदलण्यासाठी त्याच गृहस्थांनी पुन्हा तीच वाट धरली, हरले आणि राजीनामा देऊन घरी गेले. कलम 11 ने घटना बदलायचं धाडस त्यानंतर झालेलं नाही. वर्गातल्या तक्त्यात मात्र हे सगळं ‘1962 : सार्वमत’ एवढ्या एका ओळीत उरकतं. शिकवणाऱ्यांनी इथे निदान अर्धा तास तरी थांबायला हवं.

लोक मत देणार म्हटल्यावर लोकांशी बोलणं आलं, आणि ते टिपणारा टीव्ही आला. 1965 मध्ये पहिली थेट निवडणूक झाली. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर पुढे असलेल्या दोघांत दुसरी फेरी, अशी ही पद्धत. 1974 मध्ये दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत दोन उरलेल्या उमेदवारांचा समोरासमोर वाद पहिल्यांदा प्रक्षेपित झाला. 10 मे 1981 ला रात्री आठच्या ठोक्याला संगणकाने काढलेला विजेत्याचा चेहरा पडद्यावर वरून खाली उमटत गेला. आधी दिसलं ते टक्कल. हरलेल्या उमेदवाराचंही टक्कलच, त्यामुळे क्षणभर दोन्ही बाजूंचा श्वास अडकला. ती काही सेकंदांची फीत आजही वर्गात चालते. मध्येच थांबवायची आणि ‘कोण असेल?’ विचारायचं, भविष्यकाळाचा सराव आपोआप होतो.

असं साहित्य वर्गात यायला शिकवण्याची पद्धतही बदलावी लागली. 1960 च्या आसपास फिल्मस्ट्रिप आणि टेप यांवर ठरवून रचलेले संवाद चालत, आणि भर घर, दुकान, स्टेशन यांवर असे. सत्तरीत वर्तमानपत्राचं कात्रण, रेडिओची बातमी असं खरं साहित्य आत आलं. 2001 च्या युरोपीय भाषा-आराखड्याने भाषेतून काहीतरी करून दाखवण्यावर जोर दिला, तेव्हा नाटुकली निवडणूक घ्यायला अधिकृत आधारच मिळाला. 2012 च्या वादात एका उमेदवाराने ‘म्वा प्रेझिदाँ’ (मी राष्ट्राध्यक्ष झालो की) अशी सुरुवात करत वाक्यांमागून वाक्यं भविष्यकाळात ठोकली. व्याकरणाच्या शिक्षकाला याहून काय हवं! त्याच वर्षी आठच्या आधी निकाल फोडायला बंदी असल्याने ट्विटरवर उमेदवारांना चीज आणि वाइनची टोपणनावं पडली.

अमेरिकेशी तुलनेचा तक्ता आला तोही बहुधा 2012 सारख्या वर्षांमुळे, तेव्हा दोन्ही देशांत एकाच वर्षी मतदान होतं. ही गाठ वीस वर्षांतून एकदा पडते. आपल्याकडे मात्र तो तक्ता तसाच उचलला जातो, हे अनाकलनीय आहे. फ्रान्सने 2000 च्या सार्वमताने मुदत सात वर्षांवरून पाचवर आणली, आणि 2002 पासून प्रत्येक वेळी, 2022 पर्यंत, फ्रान्सची निवडणूक एप्रिल-मेमध्ये आणि भारताच्या राष्ट्रपतींची जुलैमध्ये, त्याच वर्षी झाली. 2027 मध्येही तोच योग आहे. शिवाय फ्रान्सने 1962 मध्ये जे मतदारमंडळ टाकून दिलं, तसंच काहीसं आपल्याकडे नांदतं आहे. 2022 मध्ये महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175 होतं, गोव्याच्या 20, खासदाराच्या 700. हे मूल्य काढायला लोकसंख्या धरली 1971 ची. अकरावीच्या मुलांना आकडे फ्रेंचमध्ये म्हणायला लावायचे असतील, तर एवढा मसाला पुरे.

तंत्रज्ञानाचीच गोष्ट काढली तर आणखी एक गंमत आहे. 2004 पासून आपल्या लोकसभेचं मतदान देशभर ईव्हीएमवर होतं. फ्रान्समध्ये टेबलावरून उमेदवारांच्या नावांचे कागद उचलायचे, पडद्याआड जाऊन एक पाकिटात घालायचा आणि पारदर्शक पेटीत टाकायचा. 2008 पासून नव्या गावांना मतदानयंत्रं घ्यायला तिथे मनाईच आहे. आणि याच कागदी निवडणुकीचा सराव आपण मोबाइलवर घेतो. बरं, तास एकच असतो, म्हणून फॉर्मही एकच फिरतो आणि दुसरी फेरी गाळली जाते. त्या हिशेबाने 1974, 1981 आणि 1995 या तिन्ही वर्षी वर्गात भलताच माणूस निवडून आला असता. तिन्ही वेळा पहिल्या फेरीत पुढे असलेला उमेदवार दुसरीत पडला होता.