मधला निरोप्या: डीएनएपासून प्रथिनापर्यंतच्या शोधाची पार्श्वभूमी

गोव्यात बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या कुठल्याही मुलाला विचारा. डीएनए, आरएनए, प्रथिन असे तीन शब्द आणि मध्ये दोन बाण तो लगेच काढून दाखवील. पहिला बाण प्रतिलेखनाचा, म्हणजे डीएनएवरून आरएनए उतरवण्याचा; दुसरा भाषांतरणाचा, म्हणजे आरएनए वाचून प्रथिन बनवण्याचा. धड्यात ही आकृती १९५३ च्या दुहेरी सर्पिलापाठोपाठ येते. त्यामुळे वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली आणि पुढचे सगळे आपोआप उलगडले, असा समज होतो. प्रत्यक्षात डीएनएचा निरोप नेतो कोण, हे कळायलाच १९६१ उजाडले.

जनुक आणि विकर (पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) यांचे नाते बीडल आणि टेटम यांनी १९४१ मध्ये बुरशीवरच्या प्रयोगांतून दाखवले होते. डीएनए केंद्रकात असतो आणि प्रथिने केंद्रकाबाहेर रायबोझोम नावाच्या बारीक कणांवर तयार होतात, हेही पन्नाशीच्या दशकात स्पष्ट झाले. म्हणजे मध्ये कुणीतरी असणारच, आणि संशय आरएनएवर होता. पण रायबोझोममध्ये आरएनए ठासून भरलेला, त्यामुळे निरोपही त्यातच असणार असे सगळ्यांनी धरून चालले: प्रत्येक जनुकाचा आपला वेगळा रायबोझोम आणि त्यातून एकच ठरावीक प्रथिन. गंमत अशी, की अमिनो आम्ले (प्रथिनाच्या साखळीचे मणी) रायबोझोमपर्यंत आणून देणारा छोटा आरएनए झॅमेक्निक आणि होगलंड यांना निरोप्याच्या आधीच सापडला होता. आकृतीतला दुसरा बाण पहिल्याच्या आधी आकार घेऊ लागला होता.

पॅरिसमध्ये जाकोब आणि मोनो यांच्या प्रयोगांत मात्र काही जुळत नव्हते. जिवाणूत नवे जनुक शिरले की काही मिनिटांतच विकर पूर्ण वेगाने तयार होऊ लागे. प्रत्येक जनुकाला नवे रायबोझोम बांधावे लागत असतील, तर हा वेग हळूहळू वाढायला हवा होता. १५ एप्रिल १९६० रोजी, गुड फ्रायडेला, केंब्रिजमध्ये क्रिक यांचे सहकारी ब्रेनर यांच्या खोलीत जाकोब हे सांगत होते. (गोव्यात तो दिवस किती शांत असतो ते वेगळे सांगायला नको. तिथे मात्र आरडाओरडा झाला.) क्रिक आणि ब्रेनर यांना व्होल्किन आणि अॅस्ट्राकन यांचे १९५६ चे निरीक्षण आठवले: विषाणूने जिवाणूवर हल्ला केला की विषाणूच्या डीएनएशी जुळणारा थोडासा, अल्पायुषी आरएनए तयार होतो. तोच निरोप्या! रायबोझोम म्हणजे भजनातली पेटी. अभंग बदलला तरी पेटी तीच.

आता सिद्ध करायचे होते. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रेनर आणि जाकोब कॅलिफोर्नियाला मेसेल्सन यांच्या प्रयोगशाळेत गेले. जुने रायबोझोम जड समस्थानिकांनी (त्याच मूलद्रव्यांच्या जड अणूंनी) ओळखीचे करायचे आणि विषाणूचा नवा आरएनए त्यांच्यावरच बसतो का ते पाहायचे, असा बेत होता. पण जड आणि हलके वेगळे करणाऱ्या सीझियम क्लोराईडच्या दाट द्रावणात रायबोझोम तुटून जात. हाताशी असलेले दिवस संपत आले. जाकोब यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे, की दोघे हताश होऊन समुद्रकिनाऱ्यावर बसले असताना ब्रेनर एकदम उठून ओरडले: मॅग्नेशियम! रायबोझोमला मॅग्नेशियम धरून ठेवते आणि सीझियम त्याची जागा बळकावत होते. मॅग्नेशियम भरपूर वाढवले आणि प्रयोग जमला. मला या इतिहासातला सर्वांत आवडता प्रसंग हाच. त्यात नवे तत्त्व काही नाही, फक्त मिठाचे प्रमाण आहे.

या प्रयोगाचा निबंध मे १९६१ मध्ये छापून आला. त्याच महिन्यात अमेरिकेत निरेनबर्ग आणि माथाई यांनी एकाच अक्षराचा (आरएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो) कृत्रिम आरएनए घालून एकाच अमिनो आम्लाची साखळी मिळवली. अक्षरांवरून अमिनो आम्ल ठरवणाऱ्या संकेताचा पहिला शब्द वाचला गेला. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला आणि अकरा दिवसांनी क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला: संकेत तीन-तीन अक्षरांचा असतो. गोव्यात तेव्हा याची खबर कुणाला असेल?

पुढचे भराभर झाले. पंजाबातल्या रायपूर गावी जन्मलेल्या हरगोविंद खुराना यांनी ठरावीक क्रमाचे आरएनए बनवण्याची युक्ती दिली. १९६६ पर्यंत तीन अक्षरांच्या चौसष्टही त्रिकुटांचा अर्थ लागला: एकसष्ट अमिनो आम्लांची, तीन थांबण्याची. १९६८ चे नोबेल खुराना, निरेनबर्ग आणि हॉली यांना मिळाले. १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी आरएनएवरून डीएनए बनवणारे विकर शोधले, म्हणजे पहिला बाण उलटाही चालतो.

हा उलटा बाण गोवेकरांना २०२१ मध्ये चांगलाच भेटला. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावर मागितल्या जाणाऱ्या आरटी-पीसीआर अहवालातला ‘आरटी’ तोच; कोरोनाच्या आरएनएचा आधी डीएनए करून मगच तो मोजतात. लसीत सरळ बाण होता. कोविशील्डमध्ये कोरोनाच्या पृष्ठभागावरच्या काट्याच्या प्रथिनाचे जनुक डीएनएच्या रूपात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या आवरणात असते. निरोप्या आपल्याच पेशी तयार करतात. फायझरच्या लसीत थेट निरोप्याच भरला होता, आणि आरएनए इतका नाजूक की तिला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावे लागे. कोविशील्डला आरोग्य केंद्रातल्या फ्रिजचे २ ते ८ अंश पुरले.