घुबड शोधावे दुपारी, टिपावे तिन्हीसांजेला

थंडी सुरू झाली की ठाण्यात येऊर आणि घोडबंदर रोडच्या बाजूला रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन हिंडणारे हौशी फोटोग्राफर दिसू लागतात. त्यांच्या हाती बहुतेक वेळा काही लागत नाही. लागलेच तर फांदीवरचे दोन लालसर ठिपके आणि फ्लॅशने पांढराफटक पडलेला एक चेहरा. शिवाय येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते. अंधार पडल्यावर तिथे शिरायला परवानगी नसते. खरे तर घुबड शोधण्याचे काम भर दुपारचे आहे. तेव्हा ते ठरलेल्या जागी झोपलेले असते, आणि ती जागा ओळखायच्या खुणा त्याने स्वतःच खाली टाकलेल्या असतात.

वड, आंबा, रेनट्री अशा दाट झाडाखाली चुन्याचे शिंतोडे उडाल्यासारखी पांढरी विष्ठा दिसली तर लगेच मान वर करू नये. आधी जमीन तपासावी. घुबड छोटे भक्ष्य अख्खे गिळते. त्यातली हाडे, केस आणि किड्यांची कवचे पचत नाहीत. पोटात त्यांची गुठळी होते आणि काही तासांनी ती तोंडावाटे बाहेर पडते. पक्षिनिरीक्षक तिला पेलेट म्हणतात. गव्हाणी घुबडाचे ताजे पेलेट काळपट, चकचकीत आणि अंगठ्याएवढे जाड असते. फोडले तर आत उंदराची किंवा चिचुंद्रीची कवटी सापडते. पिंगळा या छोट्या घुबडाचे पेलेट बोटाच्या पेरापेक्षा फारसे मोठे नसते, चटकन भुरभुरते आणि त्यात भुंगेऱ्यांच्या पंखांचे तुकडे चमकतात. उघड्या हातांनी मात्र ते हाताळू नये, काडीने उकलावे.

खाडीलगत एक फसगत ठरलेली. नवी मुंबईत ऐरोली, वाशीच्या बाजूला झाडाखाली पांढरा सडा दिसतो, पण तो रातबगळ्यांचा असतो. त्याचा पसारा मोठा असतो आणि माशांचा उग्र वास येतो. घुबडाच्या जागेखालचा डाग लहान आणि एका फांदीच्या बरोबर खाली असतो.

खुणा जुळल्या की झाडाखालून मागे सरकावे. पंधरा-वीस मीटरवरून, खोडाला लागून असलेल्या जाड फांद्या दुर्बिणीने एकेक करून चाळाव्यात. घुबड फांदीच्या टोकाला क्वचित बसते. खोडाला चिकटून, सालीच्या रंगात मिसळून बसते. दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्यावी. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो खरा, पण डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाचे वर्तुळ ५.२५ मिलिमीटरवरून ४.२ वर येते, आणि सांजवेळी हा फरक जाणवतो.

दुसरे वाटाडे म्हणजे इतर पक्षी. बुलबुल, दयाळ, शिंजीर आणि कोतवाल एकाच झुडपाकडे तोंड करून कर्कश ओरडत असतील तर आत साप, मांजर किंवा घुबड आहे असे समजावे. कावळ्यांचा असाच कल्ला इमारतीच्या डक्टपाशी चालला असेल तर तिथे बहुधा गव्हाणी घुबड असते. वागळे इस्टेटमधल्या बंद शेड किंवा तुर्भ्याच्या धान्यबाजाराजवळची गोदामे, म्हणजे जिथे उंदीर आणि अंधारा कोनाडा दोन्ही आहेत, अशा जागा त्याच्या आवडीच्या. त्याचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर असतो. त्यामुळे आवाज दोन्ही कानांना थोडा वेगळा ऐकू येतो आणि पूर्ण काळोखातही उंदराची जागा त्याला नेमकी कळते. म्हणून त्याच्या आसपास कुजबुजसुद्धा नको.

हिवाळाच का, याची दोन कारणे. मोई, सावर, साग यांची पानगळ जानेवारीनंतर वाढते आणि फांद्या उघड्या पडतात. दुसरे कारण अधिक मोलाचे: अनेक घुबडांचा विणीचा काळ याच महिन्यांत येतो. ओढ्याकाठचे हुमा घुबड आणि कड्याकपारीतले, जुन्या दगडखाणीतले शृंगी घुबड याच दिवसांत घरट्यावर असतात. पिंगळ्याची लगबग फेब्रुवारीपासून वाढते. हद्द सांगण्यासाठी ती बोलतात आणि म्हणून सापडतात. हुमाचा आवाज नावाप्रमाणेच खोल, घुमणारा 'हूम'. शृंगी घुबडाचा 'बु-हूऽऽ' लांबवर जातो. शिंगळा घुबड थांबून थांबून 'वट्?' असा एकच प्रश्न विचारते. पिंगळ्यांची जोडी तर चिरचिराट करून भांडण लागल्यासारखा गोंधळ घालते, तोही दिवस मावळताना आणि पहाटे, पूर्वी पिंगळा जोशी कुडमुडे वाजवत दारात यायचा त्याच वेळेला.

फोनवर त्यांचा आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणे ही विणीच्या काळातली सर्वांत वाईट सवय आहे, असे आमचे ठाम मत आहे. हद्दीत परका नर आला असे समजून पक्षी शिकार सोडून शोधत फिरतो. मादी उठली तर अंडी गार पडतात.

फोटोची सुरुवात पिंगळ्यापासून करावी. जेमतेम २१ सेंटिमीटरचा हा पक्षी ठाण्यात तलावाकाठच्या जुन्या झाडांच्या ढोलीतही असतो. डिसेंबरच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. साडेपाचलाच जागा धरावी. पिंगळा ढोलीच्या तोंडाशी येऊन बसतो, आणि सूर्यास्तानंतरची वीस मिनिटे फोटोसाठी उत्तम. ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स मोनोपॉडवर (एकपायी स्टँडवर) किंवा तांदूळ भरलेल्या पिशवीवर टेकवावी. छिद्र (अॅपर्चर) एफ ५.६, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ३२०० पासून. उजेड कमी झाला की शटर १/६० पर्यंत उतरवावे आणि तीन-चारच्या झुबक्यात फोटो घ्यावेत, त्यातला एखादा तरी स्थिर निघतो. मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +१ करावा, नाहीतर पक्ष्याची नुसती सावली उरते. गव्हाणी घुबडाचे उलट: काळ्या पार्श्वभूमीवर त्याचा पांढरा चेहरा नुसता पांढराफटक येतो, म्हणून −०.७ किंवा −१. फोकसचा एकच बिंदू डोळ्यावर ठेवावा, कारण डोळा शोधणारा ऑटोफोकस पानांच्या गर्दीत भरकटतो.

फ्लॅश बंद ठेवावा, हे बहुतेकांना माहीत असते. पण कॅमेऱ्याचा फोकसला मदत करणारा छोटा दिवा मेनूत जाऊन वेगळा बंद करावा लागतो, आणि तो राहून जातो. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर झोत पडला की घुबडाला काही काळ नीट दिसत नाही. त्या अवस्थेत उडाले तर ते तारेवर किंवा फांदीवर आदळू शकते. पायाखालचा रस्ता दिसायला टॉर्च लागतोच, तर त्यावर लाल जिलेटिनचे दोन थर बांधून तो पायाकडे धरावा.

लेन्सवर वाफ धरण्याचे कारण इथे थंडी नसते, गाडीतला एसी असतो. गार लेन्स दमट खाडीवर बाहेर काढली की काच धुरकट होते. शेवटची वीस-पंचवीस मिनिटे एसी बंद ठेवून बॅगेची चेन उघडी ठेवावी. पुसत बसण्यात उजेड निघून जातो.

पक्षी अस्वस्थ झाल्याचे शरीर सांगते. शिंगळा अंग आक्रसून काटकीसारखा बारीक होतो, कानाचे तुरे ताठ करतो, डोळ्यांची फट ठेवतो. पिंगळा तुमच्याकडे बघत मान खाली-वर करू लागतो. इथे दोन पावले मागे जावे. दिवसा उडालेल्या घुबडाच्या मागे कावळे लागतात, आणि ते पुन्हा त्या जागी येईलच असे नाही. घरट्याचे ठिकाण आणि फोटोतले जीपीएस कुठेही टाकू नये. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडांची चोरटी विक्री होते, आणि असा पत्ता नेमका नको त्या हाती पडू शकतो.

उरण-नवी मुंबईकडच्या उघड्या गवताळ जमिनींवर हिवाळी पाहुणे आखूडकानी घुबड येऊ शकते. ते झाडावर नाही, गवतात जमिनीवर बसते आणि तिन्हीसांजेला, कधी ढळढळीत उजेडातही, गवताला लागून उडते. लांबून ते दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी वाटते. गोल मोठे डोके आणि तोंडाची चपटी तबकडी दिसली की शंका फिटते. उडत्या पक्ष्यासाठी शटर १/२०००. सकाळी नऊनंतर चिखलावरची हवा थरथरते, त्यामुळे लांबचे फोटो धूसरच येतात, लेन्स कितीही महाग असो.

दिवसा हिंडणारे एक घुबड मात्र ठाणे जिल्ह्यासाठी खास आहे. वनपिंगळा १८८४ नंतर कुणाला खात्रीने सापडला नव्हता. १९९७ मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातून त्याची नोंद झाली. सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर तो उन्हात बसतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, वनपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. शेपटीवर रुंद पट्टे, पोट खाली पांढरे. तानसाला गेलात तर एक फोटो समोरून आणि एक पाठीमागून, शेपटी दिसेल असा घ्यावा.