आमरे : घरगुती लागवड

आमर कुलातील (ऑर्किडेसी) वनस्पती शोभेसाठी घरात, सज्जात किंवा हिरव्या जाळीखाली वाढवण्याची पद्धत. या कुलात सु. २८,००० जाती असून त्यांपैकी सु. १,२५० भारतात आढळतात. फुलबाजारात आणि रोपवाटिकांत 'ऑर्किड' हेच नाव चालते. 'आमरी' किंवा 'आमर' हे शब्द मुख्यतः रानफुलांच्या अभ्यासकांच्या तोंडी आहेत. घरी ठेवल्या जाणाऱ्या बहुतेक जाती अपिवनस्पती, म्हणजे झाडाच्या सालीवर आधार घेऊन वाढणाऱ्या आहेत. त्यांच्या निगेतील जवळजवळ प्रत्येक नियम या एका गोष्टीतून निघतो.

नावाचा प्रश्न : व्हँडा या आमरांच्या प्रजातीचे नाव संस्कृत 'वन्दा'वरून आले आहे. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांच्या निधनानंतर, १७९५ मध्ये 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनातून ते वनस्पतिशास्त्रात रूढ झाले. मात्र मूळ 'वन्दा' म्हणजे आमरच का, याविषयी शंका आहे. अमरकोशात वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका हे शब्द एकत्र येतात. यांपैकी वृक्षरुहा, म्हणजे झाडावर उगवणारी, हे नाव आमर आणि बांडगूळ या दोघांनाही लागू पडते. वृक्षादनी, म्हणजे झाड खाणारी, हे मात्र बांडगुळालाच शोभते. कोशकारापुढे बांडगूळच असावे, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते. झाडावरच्या सर्वच वनस्पतींना सरसकट एक नाव होते, ही शक्यताही उरतेच. जीवन्ती आणि रास्ना या औषधिनामांचीही अशीच ओढाताण आहे. बंगालमध्ये रास्ना म्हणून व्हँडा टेसेलाटाची मुळे वापरतात, उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा, तर दक्षिणेत कुलिंजन. हा वाद केवळ शाब्दिक नाही. आमर म्हणजे बांडगूळ या समजुतीने आंब्या-फणसावरची आमरे आजही खरवडून काढली जातात. वास्तविक ती यजमान झाडाकडून आधारापलीकडे काहीही घेत नाहीत.

इतिहास : कुंडीतील आमरांची जुनी परंपरा चीनची. तेथील प्राचीन ग्रंथांतील 'लान' म्हणजे सिंबिडियम ही आमर प्रजाती, असे पूर्वी सर्रास मानले जाई. सर्वांत जुन्या उल्लेखांतील 'लान' ही युपेटोरियमसारखी सुगंधी पानांची वनस्पती असावी आणि आमराचा अर्थ बराच नंतर, बहुधा चीनच्या सुंग घराण्याच्या काळापर्यंत (इ.स. ९६०–१२७९) स्थिर झाला असावा, असे आता अनेक अभ्यासक मानतात. १२३३ मधील चाऊ श-कंग यांचा ग्रंथ मात्र निःसंशय आमरांच्या लागवडीवरच आहे.

यूरोपातील छंदाचा आरंभ इंग्लंडमधील विल्यम कॅटली यांच्या बागेत १८१८ मध्ये फुललेल्या कॅटलिया लॅबिएटापासून सांगण्याची प्रथा आहे. ब्राझीलहून आलेल्या पेटाऱ्यात ही रोपे नुसते भरण म्हणून कोंबलेली होती, ही कथा रंजक आहे, पण ती पुढे रचली गेली असावी. त्या काळी काचघरे कोंदट आणि अतिउष्ण ठेवीत व रोपे मोठ्या प्रमाणात मरत. जोसेफ पॅक्स्टन यांनी १८३०च्या दशकात इंग्लंडमधील चॅट्सवर्थ येथे हवा खेळती ठेवून हे चित्र पालटले. त्याच बागेसाठी जॉन गिब्सन यांनी खासी टेकड्यांतून आमरे गोळा करून नेली.

आमराचे बी धुळीसारखे बारीक असून त्यात अन्नसाठा जवळजवळ नसतो. रुजण्यासाठी त्याला कवकाची (बुरशीची) साथ लागते, हे नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवले. कवकाऐवजी साखरयुक्त पोषक माध्यम वापरून बी रुजवण्याची ल्युइस नड्सन यांची पद्धत १९२२ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९६० मध्ये झॉर्झ मोरेल यांनी सिंबिडियमच्या अग्रविभाज्या ऊतीपासून (शेंड्याच्या सतत वाढणाऱ्या पेशींपासून) रोपे वाढवण्याचा मार्ग दाखवला. आज रोपवाटिकेत एकाच रंगरूपाची शेकडो फॅलेनॉप्सिस (घरी सर्रास ठेवली जाणारी आमर प्रजाती) मांडलेली दिसतात, ती या प्रयोगशाळांची देणगी.

खरेदी : फुलांपेक्षा मुळे पाहावीत. निरोगी मूळ टणक असते, कोरडे असताना रुपेरी आणि भिजल्यावर हिरवे दिसते. पिचपिचीत तपकिरी मूळ म्हणजे कूज. सगळी फुले उमललेल्या रोपापेक्षा काही कळ्या शिल्लक असलेले बरे. कुंडीविना, तुटक्या मुळांचे, पानांवर शेवाळ आणि किडीच्या जुन्या खुणा असलेले रोप रानातून ओरबाडलेले असण्याची शक्यता मोठी. ते घेऊ नये. संपूर्ण आमर कुल साइट्स या वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत आहे. निळा व्हँडा, लाल व्हँडा आणि पॅफिओपेडिलमच्या जाती यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली विशेष संरक्षण आहे.

निगा : मुळांभोवती व्हेलामेन नावाचे मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. ते पाणी झटकन शोषते, पण सतत ओले राहिल्यास मूळ गुदमरते. म्हणून बागेतली माती वर्ज्य. लोणारी कोळसा, विटांचे तुकडे, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा पाइनची साल वापरतात. विकत आणलेल्या रोपाच्या मुळांमध्ये बरेचदा वाळक्या शेवाळाचा (स्फॅग्नम मॉसचा) घट्ट गोळा असतो; वरचे माध्यम सुकले तरी तो आत ओलाच राहतो आणि नवशिक्यांची बहुतेक रोपे तिथेच जातात. फुले गळाल्यावर तो अलगद सोडवावा. पाणी वारावर नव्हे, मुळांच्या रंगावर ठरवावे. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचले की शेंडा कुजतो. निसर्गात हे रोप बहुधा कलते वाढते, कुंडीत आपण ते उभे करतो. बोअरच्या जड पाण्याने मुळांवर क्षार चढतात, त्यामुळे पावसाचे पाणी उत्तम. विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश १९:१९:१९) वाढीच्या काळात लिटरला अर्धा ते एक ग्रॅम पुरते.

महाराष्ट्रात खरी अडचण दुसऱ्यांदा फुलवण्याची. फॅलेनॉप्सिसला फुलोऱ्याचा दांडा धरण्यासाठी काही आठवडे सु. २५° से.च्या खालचा गारवा लागतो. सतत २८° से.च्या वर राहिल्यास पानेच वाढतात. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात हे सहज साधते. मुंबई व कोकणात हवा तितकी गार राहत नाही, म्हणून तेथे डेंड्रोबियम या आमर प्रजातीचे उष्ण हवेतील संकर अधिक भरवशाचे. त्यांच्या जुन्या, पाने गळालेल्या कांड्या कापू नयेत. पुढच्या वाढीचा अन्नसाठा त्यांत असतो. पावसाळ्यात गोगलगायी, उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण आणि खवले कीड यांचा उपद्रव होतो.

देशी जाती : सह्याद्रीतील सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा) पावसाळ्याच्या तोंडाशी लोंबत्या, गुलाबी ठिपक्यांच्या तुऱ्यांनी फुलते. आसाममध्ये ती 'कोपौ फूल' म्हणून बिहूत केसांत माळतात. लाकडाच्या ओंडक्यावर काथ्याने बांधल्यास ती कुंडीपेक्षा चांगली रुळते. वादळात पडलेल्या फांदीवरचे रोपही अभयारण्यातून परवानगीविना उचलता येत नाही.