चौरसाचे असमान समद्विभुज काटकोन त्रिकोण: एक खुलासा

चौरस समद्विभुज काटकोन त्रिकोणांत विभागला, तर निदान दोन त्रिकोण एकाच मापाचे निघतातच, असा समज सहज होतो. कर्णावर कापलेल्या चौरसाचे दोन एकरूप भाग होतात आणि त्यांतला कोणताही भाग पुन्हा दुभागला तरी जोडीच हाती येते, म्हणून तो पटतो. समभुज त्रिकोणाचे भिन्न मापांचे समभुज त्रिकोण करता येत नाहीत, हे गणितज्ञ टट यांनी सिद्ध केले. मात्र तो निष्कर्ष येथे लागू पडत नाही.

आलेख कागदावर ७ एकक बाजूचा चौरस काढून वरच्या उजव्या कोपऱ्यापासून खालच्या डाव्या कोपऱ्यापर्यंत कर्ण काढावा आणि खालचा अर्धा भाग अखंड ठेवावा. डाव्या बाजूवर वरून १ व ३ एककांवर प आणि फ, तर वरच्या बाजूवर डावीकडून १ एककावर ब हे बिंदू घ्यावेत. प पासून २ एकक लांबीचा आडवा रेषाखंड पम, आणि फ पासून कर्णापर्यंत आडवा फन काढावा. फन ४ एकक भरतो. आता पब, फम, बन जोडावेत. बन नेमका म मधून जातो, आणि सारी रचना त्यावरच उभी आहे: हा छेद वरच्या अर्ध्या भागाचे दोन त्रिकोण न करता एक त्रिकोण व एक चौकोन करतो, ही शक्यता त्या समजात विचारातच घेतलेली नाही.

मिळालेल्या सहा त्रिकोणांच्या समान बाजू १, √२, २, २√२, ३√२ आणि ४ आहेत. त्यांच्या वर्गांची बेरीज १+२+४+८+१८+१६, म्हणजे ४९ येते; ७ चा वर्गही तेवढाच, म्हणून हे सहा त्रिकोण वरचा अर्धा भाग पूर्ण भरतात. अखंड ठेवलेला ७ बाजूचा त्रिकोण धरून एकूण सात त्रिकोण होतात, आणि कोणतेही दोन एका मापाचे नाहीत.