बंद पडलेल्या टॉवरची खबर कोण देतं?

पावसाळ्यात कोल्हापूरकरांना दोन आकडे तोंडपाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. नुसतं ‘पाणी लई वाढलंय’ म्हटलं तर प्रत्येक जण आपापला अंदाज बांधेल, पण ४३ ऐकलं की नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीत आवराआवर सुरू होते.

मोबाइलच्या जाळ्यालाही असेच ठरलेले शब्द लागतात. टॉवरवरचं यंत्र एका उत्पादकाचं, राउटर दुसऱ्याचा, बॅटरी तिसऱ्याची. प्रत्येकाने वेगळ्या भाषेत तक्रार केली तर नियंत्रण कक्षातल्या माणसाने आधी कुठे धावायचं? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९२ च्या ‘एक्स.७३३’ या मानकाने ते ठरवून दिलं. बिघाडाची तीव्रता क्रिटिकल, मेजर, मायनर किंवा वॉर्निंग यांपैकी एका शब्दात सांगायची. नेमका अंदाज येत नसेल तर तसंही कळवायचं आणि बिघाड निघाला की ‘क्लिअर्ड’ म्हणायचं.

त्याच निरोपात संभाव्य कारण सांगायलाही जागा आहे, आणि हा निरोप आधीच्या कोणत्या निरोपांशी जोडलेला आहे हे सांगायलाही. मला ही दुसरी जागा फार मोलाची वाटते. रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली की पलीकडच्या सगळ्या टॉवरांच्या तक्रारी एकदम येऊन पडतात. तुटलेली जागा मात्र एकच असते. निरोपांचे धागे जुळले तर दुरुस्तीची गाडी नेमक्या ठिकाणी जाते.

पण यंत्रच मेलं तर निरोप कोण पाठवणार? जाळ्यातल्या यंत्रांवर लांबून लक्ष ठेवायच्या, १९८८ पासूनच्या ‘एसएनएमपी’ या पद्धतीत यंत्र बिघाड झाल्यावर स्वतःहून ‘ट्रॅप’ नावाचा निरोप धाडतं. त्याची पोच मिळत नाही, तो वाटेत हरवूही शकतो. म्हणून मध्यवर्ती संगणक ठरावीक वेळाने प्रत्येक यंत्राची विचारपूस करत राहतो. पुन्हा पुन्हा विचारूनही उत्तर आलं नाही, तर तीच बिघाडाची खबर.

घरातल्या फायबर इंटरनेटच्या डब्याची सोय तर याहून सुंदर आहे. लाइट गेली की आतल्या कपॅसिटरमध्ये क्षणभर पुरेल इतकी वीज उरते. तेवढ्यात तो ‘डाइंग गॅस्प’ म्हणजे शेवटचा श्वास, हा एकच निरोप कंपनीकडे पाठवतो आणि बंद पडतो. निरोप पोहोचला असेल, तर लाइट गेलीय हे तिकडे कळतं. डबा काहीच न बोलता गप्प झाला, तर केबल तुटल्याचा संशय येतो आणि लाइनमन जोडणीचं मशीन घेऊन निघतो.