मागे पडणाऱ्या मुलांना वेळीच मदत: जमाखर्च कसा मांडला गेला

अभ्यासात मागे पडणारं मूल लवकर हेरावं, या विचाराला शास्त्रीय रूप आलं ते फ्रान्समध्ये. नेहमीच्या वर्गात ज्यांचा निभाव लागत नाही अशा मुलांना वेगळी मदत मिळावी, म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये चाचणी तयार केली. बुद्धी सरावाने वाढते, असं बिने ठामपणे मानत. पुढे इतरत्र हीच चाचणी मुलांवर शिक्के मारायला वापरली गेली, ही मला या इतिहासातली सर्वांत दुःखद गोष्ट वाटते.

अशा मदतीवरचा खर्च वसूल होतो का, हे तपासायची संधी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावात मिळाली. १९६२ पासून तिथल्या १२३ गरीब कृष्णवर्णीय मुलांपैकी ५८ जणांना बालवाडी आणि दर आठवड्याला शिक्षकांची घरभेट मिळाली, बाकीच्यांना नाही. बुद्ध्यांकातली वाढ काही वर्षांतच ओसरली. संशोधक तिथेच थांबले असते तर प्रयोग फसला असं ठरलं असतं. गरीब मुलांसाठीच्या ‘हेड स्टार्ट’ या सरकारी बालवाडी योजनेवर १९६९ च्या अहवालाने जवळपास तोच ठपका ठेवला. पण इप्सिलांटीतल्या मुलांचा माग चाळिशीपर्यंत काढला गेला. मदत मिळालेल्यांची कमाई जास्त होती, अटका कमी. अर्थतज्ज्ञ जेम्स हेकमन आणि सहकाऱ्यांनी समाजाला मिळालेला वार्षिक परतावा ७ ते १० टक्के काढला.

वाचनात तर थांबणं फारच महाग पडतं. संशोधक कोनी ज्युएल यांनी १९८८ मध्ये ५४ मुलांच्या अभ्यासातून दाखवलं, की पहिलीअखेर वाचनात कच्चं राहिलेलं मूल चौथीतही कच्चंच असण्याची शक्यता ०.८८ आहे. तरीही अमेरिकेत बुद्ध्यांकाच्या मानाने अपेक्षित गुण आणि प्रत्यक्ष गुण यांतली दरी पुरेशी रुंदावेपर्यंत अनेक मुलांना मदत मिळत नसे. या निकषाची सक्ती २००४ च्या कायद्याने काढली.

लवकर दिलेली मदत पुरतेच, असंही नाही. न्यूझीलंडच्या शिक्षणतज्ज्ञ मेरी क्ले यांच्या ‘रीडिंग रिकव्हरी’ या वाचन-उपक्रमात सहा वर्षांच्या मुलाला १२ ते २० आठवडे, रोज अर्धा तास, स्वतंत्र शिक्षक मिळतो. पद्धत खर्चिक, पण पहिलीत फायदा ठळक दिसे. २०२२ मध्ये मांडलेल्या अमेरिकी निष्कर्षांत मात्र हीच मुलं तिसरी-चौथीत तुलनेसाठी घेतलेल्या, ही मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा मागे आढळली. कारणांवर वाद आहे. पुढच्या इयत्तांत त्यांना पुरेशी मदत मिळाली नसावी, अशी एक शक्यता संशोधकांनीच मांडली, आणि मला तीच सर्वांत पटते.